रेकॉर्डी नेमक्या कोणत्या लेबलच्या घ्याव्यात? (आवाजासाठी, कपाटासाठी नाही)

पांदण
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर आहे. नागपूरला शिकताना जॅझचा नाद लागला, तो सुटला नाही. मामांनी त्यांचं टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके२ टर्नटेबल मला देऊन टाकलं, सोनोडाइनचा जुना ॲम्प्लिफायर घरात होताच. वाजवायची सोय झाली, वाजवायचं काय हा प्रश्न उरला.

मूळ अमेरिकन रेकॉर्डींचे भाव आपल्या आवाक्यातले नाहीत, म्हणून रीइश्यूंकडे, म्हणजे जुन्या रेकॉर्डींच्या नव्या छपाईकडे वळलो. तिथं लेबलांची ही गर्दी. मोबाइल फिडेलिटी, ॲनालॉग प्रॉडक्शन्स, ब्लू नोटची टोन पोएट, स्पीकर्स कॉर्नर, क्राफ्ट; जो तो म्हणतो आमचाच आवाज अस्सल. कुरिअर आणि कस्टम धरून एक रेकॉर्ड चार-पाच हजारांच्या घरात जाते, म्हणजे एका रेकॉर्डीला क्विंटलभर सोयाबीन. वर्षाकाठी मोजक्याच घेता येतील. तबकडीचं वजन १८० ग्रॅम की २०० ग्रॅम, ४५ आरपीएम (मिनिटाला फेरे), हाफ-स्पीड यातलं कानाला खरोखर काय कळतं? ज्यांनी ऐकलंय त्यांनीच सांगा. यूट्यूबवरचे पंडित ऐकून झाले.

संत्राबर्फी
मास्तर, आधी हे सांगा, तुमच्या गावात लाईन किती घंटे राहते? आमच्या वरुडाकडं ४५ आरपीएमची रेकॉर्ड लावली का पहिली बाजू सरेपर्यंत लाईन ३३ वर येते अन् मंग शून्यावर. 😀

पांदण
संत्राबर्फी भाऊ, इन्व्हर्टर आहे. आणि हे टेबल डायरेक्ट ड्राइव्ह आहे, क्वार्ट्झवर चालतं, त्यामुळं वेगाची चिंता नाही.

चंद्रपूरचा_उन्हाळा
पांदण, तुमचं टेबल त्या बाबतीत नशीबवान आहे. बाकीच्यांसाठी सांगतो: बेल्टवर चालणाऱ्या पुष्कळ टेबलांत एसी सिंक्रोनस मोटर असते. तिचा वेग व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर ठरतो. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो, त्यावर ही मोटर गुणगुणायला लागते आणि ते गुणगुणणं सुईतून थेट स्पीकरमध्ये येतं. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या. अमेरिकेहून कुणी ६० हर्ट्झची मोटर असलेलं टेबल आणलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ते ३३⅓ ऐवजी २८च्या खालीच फिरेल, ट्रम्पेटसुद्धा शोकसभेत वाजवल्यासारखा येईल.

आता मूळ प्रश्न. माझं मत असं की लेबल विचारूच नका. रेकॉर्ड कशावरून कापली, कुणी कापली आणि कुठल्या कारखान्यात दाबली, हे विचारा. स्टुडिओतली मास्टर टेप असते. ती वाजवत वाजवत लेथवर लॅकरच्या तबकडीत खाच कापतात. त्या लॅकरवरून धातूचे साचे निघतात आणि शेवटच्या साच्यानं, म्हणजे स्टँपरनं, प्लॅस्टिक दाबून रेकॉर्ड तयार होते. लेबलचं काम मुख्यतः परवानगी काढणं, खरी टेप मिळवणं आणि चांगल्या माणसांना पैसे देणं.

उदाहरण घ्या. टोन पोएट मालिका २०१९ साली सुरू झाली, जो हार्ली तिचे निर्माते. कापतो केव्हिन ग्रे, कॅलिफोर्नियातल्या कोहेरंट ऑडिओमध्ये. ब्लू नोटचीच दुसरी स्वस्त मालिका आहे, क्लासिक व्हिनिल. तीही केव्हिन ग्रेच कापतो. क्राफ्टनं २०२३ मध्ये ओरिजिनल जॅझ क्लासिक्स पुन्हा चालू केली, कापणारा तोच. ऱ्हायनोची हाय फिडेलिटी मालिका त्याच वर्षीची, तीही त्याच्याच हातची. चार दुकानं, कारागीर एक. मग फरक कुठं? टोन पोएट आणि क्राफ्टच्या रेकॉर्डी कॅलिफोर्नियातल्या आरटीआय नावाच्या कारखान्यात दाबतात, क्लासिक व्हिनिल आणि ऱ्हायनो जर्मनीतल्या ऑप्टिमल कारखान्यात. टोन पोएटचं जाड उघडतं कव्हर, आत छायाचित्रं, त्याचे पैसे वेगळे. आवाजासाठीच घ्यायची असेल आणि तीच रेकॉर्ड क्लासिक व्हिनिलमध्ये मिळत असेल, तर मी तरी ती घेऊन उरलेले पैसे सुईत घालीन.

ग्रॅमचं म्हणाल तर १८० ग्रॅमनं खाच खोल होत नाही. वजनदार तबकडी हाताला बरी लागते, वाकायला थोडी नाखूष असते, एवढंच. साठच्या दशकातल्या कितीतरी अप्रतिम रेकॉर्डी १८०च्या बऱ्याच खाली आहेत.

४५चा मात्र फरक कळतो. वेग ३५ टक्के जास्त, म्हणजे तेवढ्याच सेकंदाच्या संगीताला जास्त लांबीची खाच मिळते. झांजांची किनार, पियानोची वरची सप्तकं, विशेषतः तबकडीच्या मध्याकडे जाताना जिथं ३३वर आवाज किंचित चिरडतो, तिथं ४५ सुटसुटीत राहते. किंमत दुप्पट आणि दर दहा-बारा मिनिटांनी उठायचं.

काळी_माती
एवढं सगळं करून शेवटी कान तेच ना? चांगला डॅक (डिजिटल फाइलचा आवाज करणारा डबा) आणि हेडफोन घ्या, स्ट्रीमिंग लावा, निम्म्या पैशात काम होतं.

संत्राबर्फी
काळी माती, तुमच्याकडं नेटवर्क हाये वाटते.

नॅरोगेज
मी मूर्तिजापूरचा. आयुष्य रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीत गेलं. चंद्रपूरवाल्यांनी बरोबर सांगितलं, पण उलट टोकापासून सुरुवात करा असं माझं म्हणणं. रेकॉर्ड शेवटी सुई वाचते. पांदण बापू, तुमच्या कार्ट्रिजवर (सुई धरणाऱ्या डबीवर) सुई कोणती आहे, किती जुनी, ते तुम्ही लिहिलंच नाही. मामांनी दिलेल्या टेबलावर मामांचीच सुई असेल तर पाच हजारांची रेकॉर्ड तिच्याखाली घालू नका.

ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५ कार्ट्रिज घ्या. तिची बॉडी एकच, सुया वेगवेगळ्या बसतात. आधी लंबगोल टोकाची लावा, पुढंमागं पैसे आले की तीच काढून मायक्रोलाइन, म्हणजे आणखी बारीक टोकाची. मायक्रोलाइन लावली की खाचेत खोलवर लिहिलेलं बाहेर येतं आणि शेवटच्या गाण्यातली ती कुजबुजती फरफर पुष्कळ कमी होते. ७८च्या जुन्या तव्यांसाठी त्यातच वेगळी जाड सुई मिळते. नेहमीच्या सुईनं तवे वाजवू नका, खाचच जुळत नाही.

दुसरं, आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डी. बाजारात ज्या स्वस्तात मिळतात त्यातल्या निम्म्या मंडपवाल्यांच्या. लग्नात, गणपतीत आहुजाच्या ॲम्प्लिफायरवर वाजवलेल्या, सिरॅमिक पिकअपचं पाच-सहा ग्रॅम वजन सोसलेल्या. तुमची आजची सुई दोन ग्रॅमवर चालते. वरून चकचकीत दिसते, कान लावला की पोकळ. उन्हात तिरपी धरून पाहा. खाचा करड्या दिसल्या तर दुकानदाराला रामराम करा.

पांदण
काका, सुई मामांचीच आहे. 🙏 व्हीएम९५ लिहून घेतली.

इथला आणखी एक त्रास सांगतो. आमच्या घराजवळ जिनिंग आहे. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की हवेत तंतू तरंगतात. रेकॉर्डीची एक बाजू वाजेपर्यंत सुईच्या टोकाला बारीक पांढरी दाढी येते आणि आवाज बसल्यासारखा होतो. ब्रशनं काढतो, पुढच्या बाजूला पुन्हा. झाकण लावूनच वाजवतो आताशा.

भीमपलास
वर्ध्याहून. पांदण दादा, झाकण लावून वाजवताना ते टेबलावर थरथरत नाही ना, हे एकदा हात ठेवून बघा. रेकॉर्डी धुवायला डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको. आमच्याकडच्या पाण्यातला क्षार खाचेत पांढरा थर सोडतो. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते खरंच डिस्टिल्ड आहे का, बाटलीवर वाचून घ्या.

माझा प्रश्न वेगळा. सगळी चर्चा जॅझची चालली आहे. आपल्या शास्त्रीय संगीताला टोन पोएट आहे का कुणी? मला तरी सापडलं नाही. मी एचएमव्हीच्या जुन्या एलपी जमवते. ईएएलपी म्हणजे मोनो, ईएएसडी म्हणजे स्टिरिओ, एवढं लक्षात ठेवलं तरी खरेदीला मदत होते. दमदमच्या कारखान्यातली छपाई कधी फार सुरेख, कधी सरसर आवाज करणारी. एकाच रेकॉर्डीच्या दोन प्रतींत जमीन-अस्मानाचा फरक. पण अमीर खाँसाहेबांचा मारवा चांगल्या प्रतीवर ऐका. खर्जातला तो स्वर खोलीत येऊन बसतो. नव्या छपाईत हिंदी सिनेमाची गाणी भरपूर निघतात, पण कव्हरवर कुठंही लिहिलेलं नसतं की मूळ टेपवरून कापलं की सीडीच्या फाइलवरून. जे सांगत नाहीत, त्यांना मी पैसे देत नाही.

आणि ४५चं कौतुक आम्हाला चालणार नाही. वीस मिनिटांचा विलंबित ख्याल मध्येच तोडून रेकॉर्ड उलटायची म्हणजे पाप आहे.

चंद्रपूरचा_उन्हाळा
भीमपलास ताई, एक अपवाद आठवतो. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा आणि राय कूडरची गिटार, १९९३चं ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. वॉटर लिली अकूस्टिक्स नावाच्या लहानशा कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथं एका चर्चमध्ये ते ध्वनिमुद्रित केलं; व्हॉल्व्हची यंत्रणा, टेप, कमीत कमी माइक. त्याला ग्रॅमीही मिळालं. ॲनालॉग प्रॉडक्शन्सनं ते ४५वर काढलं आहे. तार छेडल्यानंतर तिचा नाद चर्चच्या छताकडे जाताना ऐकू येतो. शुद्ध शास्त्रीय नाही, मान्य.

ॲनालॉग प्रॉडक्शन्सबद्दल थोडं. चॅड कॅसम हा माणूस कॅन्सस राज्यातल्या सलायना नावाच्या छोट्या गावात बसून हे करतो. नकाशावर पाहाल तर चारी बाजूंनी गव्हाची शेतं. २०११ मध्ये त्यानं स्वतःचा प्रेसिंग कारखाना काढला, क्वालिटी रेकॉर्ड प्रेसिंग्ज. आवाजामागची खरखर इतकी कमी मी दुसऱ्या कुणाच्या रेकॉर्डीत क्वचितच ऐकली. व्हर्व्ह या जॅझच्या जुन्या लेबलच्या ‘अकूस्टिक साउंड्स’ मालिकेच्या रेकॉर्डीही त्याच कारखान्यात दाबतात आणि त्या ३३वर, त्यामुळं किंमत माणसात. पांदण, तुम्हाला त्याचं काम ऐकायचं असेल तर यूएचक्यूआर नावाच्या महागड्या पेटीबंद आवृत्त्यांऐवजी व्हर्व्हपासून सुरुवात करा.

संत्राबर्फी
गव्हाच्या शेतात रेकॉर्डीचा कारखाना? मंग आमच्या संत्र्याच्या बगीच्यात काहून नाई!

ऱ्हाइनकाठ
मूळ अचलपूरचा, सध्या जर्मनीत. पाश्चात्त्य शास्त्रीय ऐकणारं कुणी असेल तर डॉइच ग्रामोफोनची ‘ओरिजिनल सोर्स’ मालिका सोडू नका. २०२३ पासून येतेय. सत्तरच्या दशकात त्यांनी क्वाड्रोफोनीसाठी (चार स्पीकरांच्या आवाजासाठी) चार ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करून ठेवलं होतं. एमिल बर्लिनर स्टुडिओत त्या मूळ टेपा लावून, तिथल्या तिथं मिक्स करत थेट लेथवर कापतात. म्हणजे तेव्हाच्या एलपीसाठी जी मधली स्टिरिओ टेप बनवली होती, तीच गळाली. आमच्या घरी जुनी आणि नवी प्रत लागोपाठ लावली, तेव्हा सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं की स्पीकर बदललेस का.

स्पीकर्स कॉर्नर इथलंच, १९९३ पासून. मूळ ॲनालॉग टेपवरूनच कापायचं हा त्यांचा हट्ट, आणि पालास नावाच्या कारखान्यात दाबतात. गाजावाजा कमी, पण सहसा निराशा होत नाही. माझ्या मते भारतात बसून डोळे झाकून घ्यायचं असेल तर हेच.

पांदण
मोबाइल फिडेलिटीबद्दल कुणीच बोलेना. सगळ्यात जास्त नाव त्यांचंच ऐकलं होतं.

चंद्रपूरचा_उन्हाळा
मुद्दाम टाळत होतो, कारण तो विषय निघाला की धागा पेटतो. पण विचारलंत तर ऐका.

मोफी, म्हणजे मोबाइल फिडेलिटी, १९७७ची. हाफ-स्पीड मास्टरिंगवर त्यांनी नाव कमावलं, म्हणजे टेप आणि लेथ दोन्ही अर्ध्या वेगानं चालवून कापायचं, वरच्या पट्टीचे स्वर सुईला निवांत कोरता यावेत म्हणून. पुढं त्यांनी ‘वन-स्टेप’ काढलं: लॅकरपासून स्टँपरपर्यंतचे मधले दोन साचे वगळायचे. एक रेकॉर्ड शंभर डॉलरच्या पुढं. ते कसं बनतं याचं चित्रही ते आत द्यायचे, त्यात टेपवरून सरळ लॅकर. मग मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४०,००० वन-स्टेप प्रती काढणार अशी घोषणा झाली आणि जाणकारांनी हिशेब मांडला. एका लॅकरवरून मोजक्याच प्रती निघतात, मग एवढ्यांसाठी ती अमोल मास्टर टेप किती वेळा वाजवणार? २०२२च्या जुलैमध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातले एक रेकॉर्ड-दुकानदार, माइक एस्पोसिटो, यांनी हे जाहीर विचारलं. त्यांनी मोफीच्या इंजिनिअरांची मुलाखत घेतली आणि तिथं उघड झालं की टेप आधी डीएसडी या डिजिटल फाइलमध्ये उतरवतात आणि कापतात त्यावरून. वर्षानुवर्षं. कोर्टकचेरी झाली, अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली.

नॅरोगेज
पण भाऊ, त्या रेकॉर्डी ऐकून जगभरचे कानसेन वाहवा करतच होते ना? डिजिटल आहे हे एकालाही ऐकून कळलं नाही. मग फसवणूक आवाजाची नाहीच. उलट डीएसडी चांगलं असतं याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

चंद्रपूरचा_उन्हाळा
काका, गावरान तूप म्हणून विकलं आणि डेअरीचं निघालं. चव उत्तम होती म्हणून भाव गावरानचा लावायचा का? माझी तक्रार डीएसडीवर नाही. त्यांची काही कामं आजही माझ्याकडे आहेत आणि मी ती आवडीनं ऐकतो.

नॅरोगेज
तूप खाल्लं, पचलं, आता भाव कशाला काढता. 😄 पण सांगून विकायला पाहिजे होतं, एवढं पटतं.

भीमपलास
आता ते प्रत्येक रेकॉर्डीच्या माहितीत टेप कोणती, डीएसडी आहे की नाही, हे लिहितात. हे आपल्याकडच्या कंपन्यांनी केलं तर मी पेढे वाटीन.

ऱ्हाइनकाठ
लंडनची इलेक्ट्रिक रेकॉर्डिंग कंपनी राहिली की. जुन्या व्हॉल्व्हच्या लेथवर कापतात, साधारण ३०० प्रती, एकेक तीनशे पौंडांच्या वर. ऐकली आहे एका मित्राकडे. छानच आहे. पुढं काही बोलत नाही.

संत्राबर्फी
तीनशे पौंड म्हंजे आमच्याकडं एक गोऱ्हा येते.

पांदण
आता एक मदत करा. बहीण पुण्याहून आली तेव्हा तिनं एक जॅझची रेकॉर्ड भेट आणली. कव्हर सुंदर, १८० ग्रॅमचा सोनेरी शिक्का. मूळ ध्वनिमुद्रण १९५८चं, पण लेबल वेगळंच, युरोपातलं. लेबलच्या कागदाजवळ, खाच संपते त्या गुळगुळीत पट्टीवर फक्त एक छापील आकडा आहे, कुणाची सही नाही. काल ऐकली. वाईट नाही, पण सॅक्सोफोन काचेमागून आल्यासारखा.

चंद्रपूरचा_उन्हाळा
त्या पट्टीवर बघायची सवय लावलीत हे झकास. तिथं कापणारा बरेचदा खूण कोरतो. केव्हिन ग्रे असेल तर ‘केपीजी’, बर्नी ग्रंडमन असेल तर ‘बीजी’, रायन स्मिथ असेल तर ‘आरकेएस’. जुन्या ब्लू नोटवर ‘आरव्हीजी’ किंवा ‘व्हॅन गेल्डर’ दिसलं तर ती ध्वनिमुद्रण करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरचीच खूण, अशी रेकॉर्ड रद्दीत सापडली तर मला फोन करा.

तुमच्या रेकॉर्डीचं कारण कायद्यात आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षं होता. २०१३ मध्ये तो ७० केला, पण तोवर ज्यांची मुदत संपली होती ती परत हक्कात आली नाहीत. म्हणजे १९६३च्या आधी निघालेलं जॅझ तिथं कुणीही काढू शकतो. काढणाऱ्याकडे मास्टर टेप नसते, ती अमेरिकेत मूळ कंपनीच्या तिजोरीत. मग सीडी किंवा फाइल. सगळेच वाईट करतात असं नाही, पण ‘१८० ग्रॅम’ मोठ्या अक्षरांत आणि टेपबद्दल चकार शब्द नाही असं दिसलं की ओळखा. बहिणीला काही बोलू नका, मनापासून आणलीय तिनं.

पांदण
नाही हो, ताईला कशाला. कव्हर भिंतीवर लावलंय.

तर ठरलं असं: आधी व्हीएम९५, लंबगोल. मग क्लासिक व्हिनिलमधली एक आणि व्हर्व्हची एक. स्पीकर्स कॉर्नर पुढच्या हंगामाला. मागवू का लगेच?

चंद्रपूरचा_उन्हाळा
सुई लगेच मागवा. रेकॉर्डी मृगानंतर. आत्ता आमच्याकडे पारा ४६वर आहे. कुरिअरची गाडी दुपारी पत्र्याच्या शेडजवळ उभी राहिली की आतलं खोकं कुठवर तापतं याचा नेम नाही, आणि ६० अंशांकडे व्हिनिल मऊ पडायला लागतं. गेल्या मे महिन्यात माझं एक पार्सल आलं, रेकॉर्ड थाळीसारखी कडेनं वर उचललेली. दुकानदार म्हणाला कुरिअरला विचारा, कुरिअर म्हणाला दुकानदाराला.

नॅरोगेज
वाकलेली टाकून देऊ नका. दोन जाड काचांच्या मध्ये ठेवून वर वजन ठेवा, काही आठवडे विसरून जा. थोडा बाक असेल तर निघतो. ऊन दाखवू नका, इस्त्री तर अजिबात नको.

विषय निघालाच आहे तर: एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड-प्लेअरचं रबरी चाक कुणाकडे शिल्लक आहे का? गिऱ्हाईक कारंज्याहून चकरा मारतंय.

संत्राबर्फी
काका, परतवाड्याले आमच्या मेव्हण्याच्या माळ्यावर एक फिएस्टा पडून हाये. चाक हाये का उंदरानं खाल्लं ते रविवारी पाहून सांगतो.